लांबीची भरपाई रुंदीने

गळिताच्या हंगामात मराठवाड्यातल्या ढोकीहून येडशीकडे किंवा मुरूडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला उसाचा भरलेला ट्रक उभा असेल, तर त्याच्या मागच्या चाकाशी वाकून पाहावे. तेरणा साखर कारखान्यामुळे या भागाला उसाचे ट्रक नवे नाहीत. चाकाच्या वर एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या दिसतील. गॅरेजमध्ये त्यांना कमानपाटे म्हणतात. सगळ्यांत लांब पाटा वर असतो आणि खाली उतरत्या लांबीचे पाटे लागतात. सगळ्या पाट्यांच्या जाडीएवढा एकच भरीव दांडा तिथे बसवला असता, तर तो वाकला नसता, आणि वाकायला भाग पाडले असते तर त्याला तडा गेला असता. पाटा पातळ असल्यामुळेच खड्ड्यात वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. ताकद वाढवायची असेल तर पाटा जाड करत नाहीत, पाट्यांची संख्या वाढवतात. वाहनाखालच्या या वस्तूला मराठीने कमानीचे, म्हणजे धनुष्याचे, नाव दिले आहे, आणि ते अगदी रास्त आहे. आखूड लाकडी धनुष्य गालापर्यंत लांब ओढता येईल असे कसे घडवायचे, याचे निम्मे उत्तर त्या पाट्यांतच आहे.

प्रश्न ऐकायला सोपा वाटतो, पण तो अवघड आहे. दोरी हनुवटीपर्यंत किंवा गालापर्यंत ओढली, की मुठीपासून दोरीचे अंतर साधारण ७० सेंटिमीटर भरते. या प्रकरणात त्यालाच ओढ म्हणू. उभ्या माणसाएवढे, १८० सेंटिमीटरचे धनुष्य असेल तर एवढी ओढ ते सहज सोसते. तेच धनुष्य १४० सेंटिमीटरचे करायचे, ओढ तीच ठेवायची, बाणाला जोरही तेवढाच द्यायचा आणि लाकूड मोडू द्यायचे नाही, असे ठरवले की सुताराची खरी कसोटी लागते. इथे बहुतेकांची पहिली सूचना एकच असते: लाकूड भक्कम घ्या, जाड ठेवा. मला ही सूचना चुकीची वाटते. या प्रकरणाचे म्हणणे नेमके उलटे आहे. आखूड धनुष्याचे लाकूड पातळ असले पाहिजे, आणि जाडी कमी केल्याने गेलेली ताकद रुंदीतून परत मिळवली पाहिजे.

हे का, ते वाकलेल्या लाकडात काय घडते त्यावरून कळते. धनुष्याच्या दोन बाजूंना पाठ आणि पोट म्हणू. धनुर्धराकडे तोंड केलेले ते पोट आणि लक्ष्याकडची ती पाठ. दोरी ओढली की पाठीवरचे तंतू ताणले जातात, पोटाचे तंतू दबतात, आणि मधला एक थर जसाच्या तसा राहतो. मधल्या थरापासून जितके दूर जावे तितका ताण किंवा दाब वाढत जातो. म्हणून पृष्ठभागावरच्या तंतूंना किती सोसावे लागेल हे दोनच गोष्टींवर ठरते: लाकडाची जाडी, आणि ते ज्या वर्तुळाच्या कमानीत वाकले त्याची त्रिज्या. जाडीला त्रिज्येच्या दुपटीने भागले की ताणाचे प्रमाण मिळते. या हिशेबात रुंदी कुठेच येत नाही. एक बोट रुंद पट्टी आणि हातभर रुंद फळी सारख्याच जाडीची असली आणि सारखीच वाकवली, तर दोघींच्या तंतूंवरचा ताणही सारखाच असतो. धनुष्यासाठी चांगले लाकूड सुमारे एक टक्क्यापर्यंत ताण सोसते. रोज वापरायच्या धनुष्यात त्याला ०.८ टक्क्यांच्या आत ठेवणे शहाणपणाचे. कमानपाट्यांच्या पोलादाची लवचीक मर्यादा साधारण अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते. म्हणजे लांबीच्या प्रमाणात पाहिले तर लाकूड पोलादापेक्षा जास्त लवते.

आता आकडे घालून पाहू. १८० सेंटिमीटरचे धनुष्य मुठीसकट सगळीकडे सारखे गोलाईत वाकते असे धरले, तर ७० सेंटिमीटर ओढीला त्याच्या कमानीची त्रिज्या सुमारे ११२ सेंटिमीटर येते. ०.८ टक्के ताणाची मर्यादा पाळली तर जाडी १.८ सेंटिमीटरपर्यंत ठेवता येते. धनुष्य १४० सेंटिमीटरचे झाले की त्याच ओढीला त्रिज्या ६६ सेंटिमीटरवर येते आणि जाडी १.०५ सेंटिमीटरपेक्षा जास्त ठेवता येत नाही. लांबी एक पंचमांशाहून थोडी जास्त कमी झाली, पण जाडी जवळपास चाळीस टक्क्यांनी घटली. लाकडाचा ताठपणा जाडीच्या घनाने बदलतो. जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो, निम्मी केली तर एक अष्टमांश उरतो. त्यामुळे पातळ केलेले धनुष्य एकदम लेचेपेचे होते आणि ‘जाड ठेवा’ असा आग्रह होतो. तो आग्रह ऐकला तर ओढ पूर्ण होण्याआधीच पोटाकडचे तंतू चिरडतात किंवा पाठ फुटते. गेलेली ताकद परत मिळवायचा दुसरा मार्ग रुंदीचा. रुंदी दुप्पट केली तर ताठपणा फक्त दुप्पट होतो, पण तंतूंवरचा ताण तसूभरही वाढत नाही. पूर्ण ओढायला साधारण २० किलो जोर लागणाऱ्या धनुष्याला १८० सेंटिमीटर लांबीत मुठीजवळ सुमारे २.६ सेंटिमीटर रुंदी पुरते. १४० सेंटिमीटरच्या धनुष्याला ती सुमारे ५.८ सेंटिमीटर लागते. दोन्हींत रुंदी टोकांकडे सरळ रेषेत निमुळती होत जाते.

रुंदी अशीच निमुळती का, हे पुन्हा कमानपाट्यांवरून समजते. दोरीचा जोर टोकावर असतो, म्हणून वाकवणारी शक्ती टोकाशी शून्य असते आणि मुठीकडे येता येता सारखी वाढत जाते. जाडी कायम ठेवून रुंदीही त्याच प्रमाणात वाढवत आणली, तर प्रत्येक जागी लाकूड सारखेच वाकते आणि कोणत्याही एका जागेवर जादा भार पडत नाही. अभियांत्रिकीत कमानपाट्यांचा हिशेब असाच मांडतात. एका त्रिकोणी पत्र्याच्या पट्ट्या कापून त्या एकावर एक ठेवल्या अशी कल्पना करतात. ट्रकखाली रुंदीला जागा नसते म्हणून पाटे रचावे लागतात. धनुष्याला ती अडचण नसते, तिथे तो त्रिकोण तसाच पसरून ठेवता येतो.

इथे पहिला आक्षेप येतो: रुंद धनुष्य जड होईल, आणि जड बाहू, म्हणजे मुठीच्या दोन्ही बाजूंचे वाकणारे भाग, सुटले तरी सावकाश धावतील, मग बाणाला वेग कुठून येणार? ही शंका रास्त आहे, पण हिशेब तिच्या बाजूने नाही. वाकलेल्या लाकडात साठणारी ऊर्जा त्याच्या आकारमानावर आणि ताणाच्या वर्गावर ठरते. ताणाची मर्यादा तीच असेल तर सारख्या ऊर्जेला सारखेच लाकूड लागते, मग ते लांब असो की आखूड. वरच्या दोन्ही धनुष्यांत सुमारे ४३० घनसेंटिमीटर लाकूड भरते, आणि लाकडाच्या घनतेप्रमाणे त्याचे वजन सव्वातीनशे ते साडेतीनशे ग्रॅम होते. आखूड धनुष्याने लाकूड वाढवले नाही, लांबीतले काढून रुंदीत घातले. टोके निमुळती ठेवली तर जे लाकूड सर्वांत वेगाने हलते ते हलकेच राहते. इंग्लंडचे ‘मेरी रोझ’ जहाज १५४५ मध्ये बुडाले आणि १९८२ मध्ये वर काढले. त्यावर १३० हून अधिक अखंड धनुष्ये मिळाली. ती यू लाकडाची, जाड, जवळपास गोल छेदाची आणि सुमारे दोन मीटर लांब होती. लांबी भरपूर असल्यामुळे त्यांना जाडी परवडली. पण अमेरिकेत १९३० च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन आणि पॉल क्लॉपस्टेग या भौतिकशास्त्रज्ञांनी आणि फॉरेस्ट नॅगलर या अभियंत्याने चाचण्या आणि गणित करून दाखवले, की गोल छेदापेक्षा चपट्या आयताकृती छेदाचे बाहू लाकडाचा चांगला उपयोग करून घेतात. डेन्मार्कमधील होल्मेगार्डच्या दलदलीत मिळालेले एल्म लाकडाचे धनुष्य सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीचे आहे, आणि त्याचेही बाहू रुंद व चपटे आहेत. गणित नवे असले तरी हा आकार फार जुना आहे.

आपल्याकडे काय होते, हे विचारायला ढोकीइतके योग्य ठिकाण क्वचितच मिळेल. थोड्याच अंतरावर तेर आहे. तेच जुने तगर, ज्याचा उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी वर्णनात पैठणच्या बरोबरीने येतो. तेरच्या संग्रहालयात मातीच्या मूर्ती आहेत, हस्तिदंती काम आहे, खापरे आणि मणी आहेत. दख्खनच्या काळ्या मातीत लाकूड आणि दोरी मात्र टिकत नाही. म्हणून इथल्या धनुष्याचा शोध ग्रंथांत आणि भाषेत घ्यावा लागतो. कौटिल्याचे अर्थशास्त्र ताडाचे, वेळूचे, लाकडाचे आणि शिंगाचे अशी धनुष्ये वेगवेगळी सांगते. त्याच परंपरेत ‘धनु’ हे लांबीचे मापही आहे: चार हात, म्हणजे ९६ अंगुळे, आजच्या हिशेबात सुमारे १८० सेंटिमीटर. अलेक्झांडरचा नौदलप्रमुख निआर्कस याच्या आधारे एरियनने लिहिले आहे, की भारतीय पायदळाचे धनुष्य धारकाच्या उंचीएवढे असे, ते जमिनीवर टेकवून डाव्या पायाने दाबून ओढत, आणि बाण तीन हातांपेक्षा थोडाच कमी असे. एका बाजूला देशी माप आणि दुसऱ्या बाजूला परक्याचे वर्णन, आणि दोन्ही एकाच आकड्यापाशी येतात. लांब ओढ हवी तर लांब धनुष्य घ्यावे, हा प्राचीन भारतीयांनी काढलेला मार्ग होता.

यातूनच दुसरा, जास्त वजनदार आक्षेप उभा राहतो. इतक्या पिढ्यांनी लांब धनुष्य निवडले आणि आखूड हवे तेव्हा शिंगाकडे वळले, तर एकसंध लाकडाचे आखूड धनुष्य हा हट्ट कशासाठी? परांडा आणि नळदुर्ग हे ढोकीच्याच जिल्ह्यातले किल्ले दख्खनच्या सल्तनतींच्या काळातले. त्या काळच्या घोडेस्वाराला माणसाएवढे धनुष्य चालत नसे. घोड्याच्या मानेवरून ते डावीकडून उजवीकडे फिरवायचे कसे? त्याची कमान पोटाला शिंग, मध्ये लाकूड आणि पाठीला स्नायूचे तंतू अशी जोडलेली असे. शिंग लाकडाच्या कितीतरी पट दाब सोसते, स्नायू कितीतरी पट ताण सोसतो. म्हणूनच तुर्की बनावटीच्या कमानी जेमतेम ११० सेंटिमीटर लांब असूनही ७० सेंटिमीटर आणि त्याहून जास्त ओढल्या जात. ही कामगिरी लाकडाच्या आवाक्याबाहेरची आहे, हे मान्यच केले पाहिजे. पण त्या कमानीची किंमतही पाहावी. सरसाने एकेक थर चिकटवायचा, महिनोन्‌महिने वाळवायचा, आणि मग पावसाळ्यातल्या दमट हवेपासून तो सांभाळायचा. सरस ओल धरतो. भारतात पोलादी धनुष्येही घडवली गेली, त्यामागे हे एक कारण सांगितले जाते. शिंगाची कमान हे दरबाराचे आणि फौजेचे हत्यार होते. ज्याला एका झाडातून, एका तासणीने, एका आठवड्यात धनुष्य करायचे होते त्याच्या ती कामाची नव्हती. सातपुड्यातल्या भिल्लांचा कामठा बांबूचा असतो, आणि त्याची दोरीदेखील बांबूच्या कामटीची. हाताशी असलेल्या साहित्यातून पूर्ण हत्यार उभे करण्याची ती पद्धत आहे. माझा प्रश्नही त्याच बाजूचा आहे. एकसंध लाकडाकडून जास्तीत जास्त किती मागता येते, याचे उत्तर शिंगाकडे बोट दाखवून मिळत नाही.

मागण्याला मर्यादा आहे, आणि ती दोन ठिकाणी आडवी येते. पहिली जागा मूठ. हातात धरायला सोयीची, अरुंद आणि जाड मूठ केली की ती वाकत नाही. मूठ आणि तिच्या दोन्ही बाजूंचे उतार मिळून २० सेंटिमीटर लाकूड ताठ राहिले, तर १४० पैकी १२० सेंटिमीटरच कामाला उरते. एवढ्याने त्रिज्या ६६ वरून ५० सेंटिमीटरवर येते, जाडी ८ मिलिमीटरवर, आणि तीच ताकद ठेवायला बाहूंची रुंदी ५.८ ऐवजी सुमारे ९ सेंटिमीटर लागते. तळहाताएवढ्या रुंद बाहूंचे धनुष्य कागदावर शक्य आहे, पण ते सहज पीळ खाते आणि बाण त्याच्या कडेला घासतो. म्हणून आखूड धनुष्याला ताठ मूठ परवडत नाही. मूठही वाकली पाहिजे. पकडीपुरत्या कडा थोड्या आत घ्याव्या, जाडी अगदी किंचित वाढवावी, आणि पूर्ण ओढीला मूठ हातात हलताना जाणवेल एवढी तिला मोकळीक ठेवावी. ही हालचाल हातात खुपते आणि नेमही थोडा बिघडवते, हे खरे. पण १४० सेंटिमीटरमध्ये २० सेंटिमीटर लाकूड बसवून ठेवणे जास्त महाग पडते.

दुसरी जागा टोक. पूर्ण ओढीला दोरी आणि टोक यांच्यातला कोन १८० सेंटिमीटरच्या धनुष्यात सुमारे ७० अंश असतो, तर १४० सेंटिमीटरच्या धनुष्यात तो ९० अंश ओलांडतो. काटकोनापर्यंत दोरी बाहूला तरफेसारखी वाकवत असते. त्यापुढे ती टोकाला वाकवण्याऐवजी स्वतःच्या दिशेने खेचू लागते, तरफेचा फायदा घटतो, आणि शेवटच्या पाच-सात सेंटिमीटरमध्ये ओढ एकाएकी जड होते. धनुर्धराला वाटते लाकूड अडले, पण अडलेली असते भूमिती. यावर उपाय म्हणजे टोकाची शेवटची आठ-दहा सेंटिमीटर उष्णतेने पाठीकडे किंचित वळवणे. काठी शेकून सरळ करणाऱ्याला हे तंत्र ओळखीचे वाटेल. वळण मोठे घेतले तर टोके ताठ होतात, वाकणारी लांबी पुन्हा घटते आणि मुठीचीच चूक टोकाला होते. म्हणून थोडेच पुरे.

आता लाकूड. दख्खनच्या कोरड्या पानझडी जंगलांत धामण आणि धावडा हे दोन्ही वृक्ष लवचीक, चिवट लाकडासाठी ओळखले जातात. धावड्याची बैलगाडीचे आस आणि कुऱ्हाडीचे दांडे करण्यासाठी ख्याती आहे. धामणीला संस्कृतात ‘धन्वन’ म्हणतात, आणि धनुष्याशी तिचे नाते तिच्या नावातूनच दिसते. दोन्हींपैकी मी धामण निवडेन, कारण इथे कणखरपणापेक्षा वाकून परत येणे महत्त्वाचे आहे. मात्र खोड बारीक चालत नाही. बारीक खोडाची पाठ फुगीर असते, सगळा ताण तिच्या मधल्या उंचवट्यावर एकवटतो आणि कडांचे लाकूड रिकामे बसून राहते. जवळपास सहा सेंटिमीटर रुंद आणि सपाट पाठ हवी असेल तर त्यासाठी निदान वीतभर जाडीचे खोड लागते. करवतीऐवजी ते पाचरीने फोडावे. पाचर तंतूंच्या वाटेने जाते, करवत तंतू तोडत जाते, आणि पाठीवर तुटलेला प्रत्येक तंतू हा चिरेचा आरंभ असतो. बांबूतही हेच तत्त्व लागू होते. मानवेल जवळपास भरीव असतो आणि त्याची बाहेरची साल ताण उत्तम सोसते, म्हणून ती पाठीला ठेवतात आणि आतला भाग तासतात. लाकूड ताणापेक्षा दाबाला लवकर हार मानते, ही गोष्ट इथे विसरू नये. धनुष्य बहुधा पाठ फुटून एकदम मोडते असे लोक समजतात. प्रत्यक्षात त्याआधी किती तरी दिवस पोट चिरडत असते, लाकूड कायमचा बाक धरते आणि बाणाचा पल्ला घटत जातो.

जाडी एवढी कमी असली की तासण्याचे कामही वेगळे होते. साडेदहा मिलिमीटर जाडीतून एक मिलिमीटर जास्त गेला, तर त्या जागेची पाव ताकद गेली. लांब, जाड धनुष्यात हाच एक मिलिमीटर पचून जातो. म्हणून शेवटचे काम रंध्याने करू नये. ते काचेच्या तुकड्याने किंवा बारीक कानशीने करावे, आणि प्रत्येक वेळी दोरी थोडीच ओढून बाक पाहावा. लाकूड कुठे जास्त वाकते ते दिसले, तर ती जागा सोडून बाकीचा भाग तासायचा. वाकलेल्या जागेला हात लावायचा नाही. पहिल्याच दिवशी ७० सेंटिमीटरपर्यंत ओढण्याची घाई पोटाला कायमची खोड लावते. ४० सेंटिमीटरपासून सुरुवात करून ओढ दोन-दोन सेंटिमीटरने वाढवावी आणि प्रत्येक टप्प्यावर वीस-तीस वेळा ओढून सोडावी, पण हात दोरीवर घट्ट ठेवून. बाण न लावता दोरी मोकळी सोडली तर साठलेली सगळी ऊर्जा टोकांवर आदळते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात लाकूड कडक वाळते, अधिक ताठ पण जास्त ठिसूळ होते. पावसाळ्यात ते ओल धरते आणि बाक लवकर घेते. म्हणून शेवटचा तास पावसाळा संपून हवा कोरडी झाल्यावर, पण उन्हाळा तापायच्या आत द्यावा.

१४० सेंटिमीटरच्याही खाली जायचे ठरवले तर तोच हिशेब पुढे चालवता येतो. १२० सेंटिमीटरला ७० ची ओढ मागितली, तर मूठ वाकती धरूनही त्रिज्या ४७ सेंटिमीटरवर येते, जाडी साडेसात मिलिमीटर होते, रुंदी साडेनऊ सेंटिमीटरच्या पुढे जाते, आणि दोरीचा कोन ११० अंशांवर पोहोचतो. या ठिकाणी रुंदीने केलेली भरपाई संपते. कारण कोनाचा दोष रुंदीने दूर होत नाही, आणि वळवलेल्या टोकाला लागणारे लाकूडही उरत नाही. म्हणून ओढीच्या दुप्पट लांबी ही मी एकसंध लाकडाची खालची हद्द मानतो. ज्याला त्याहून आखूड धनुष्य हवे, त्याने ओढ कमी करावी. ६० सेंटिमीटर ओढीला १२० सेंटिमीटरचे धामणीचे धनुष्य तीच प्रमाणे आणि तोच ताण ठेवून पुरे पडते.